टाचदुखी आणि पादत्राणांची निवड

पेडणे तालुक्याच्या वायव्य टोकाला, तेरेखोल नदी अरबी समुद्राला मिळते तेथे केरी हे गाव वसले आहे. एका बाजूला सुरूच्या झाडांची सावली असलेला वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला तेरेखोलला जाणारी फेरीबोट आणि मागे हरमलपर्यंत पसरलेला जांभ्या दगडाचा डोंगर, अशी या गावाची रचना आहे. येथील बहुतेकांचा दिवस पायांवर जातो. कोणी रापण ओढण्यासाठी अनवाणी वाळूत उतरतो, कोणी काजूच्या हंगामात डोंगराचा चढउतार करतो, कोणी हरमल, मांद्रे, मोरजी येथील हॉटेलांत आठ-दहा तास गुळगुळीत फरशीवर उभा राहतो. घरातील स्त्रीचा दिवस तर चुलीपासून विहिरीपर्यंत आणि ओट्यापासून अंगणापर्यंत चालण्यातच सरतो. अशा माणसाची टाच दुखू लागली की दुखणे टाचेपुरते राहत नाही. चाल बिघडते, मग गुडघा आणि कंबर कुरकुरू लागतात. रोजंदारीवर काम करणाऱ्याची तर कमाईच बुडते.

टाचदुखीच्या अनेक कारणांपैकी सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे ‘प्लांटर फॅशियायटिस’. साधारण दहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास होतो, असे मानले जाते. चाळीस ते साठ या वयोगटात त्याचे प्रमाण अधिक असते. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. बहुतेक रुग्ण साध्या उपायांनी वर्षभराच्या आत बरे होतात, आणि या साध्या उपायांत योग्य पादत्राणाचे स्थान महत्त्वाचे आहे.

दुखणे नेमके कोठे असते?

टाचेच्या हाडापासून निघून तळव्यातून बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा एक जाड, चिवट पट्टा असतो. त्यालाच प्लांटर फॅशिया म्हणतात. धनुष्याच्या दोन टोकांना दोरीने ताणून धरावे, तसा हा पट्टा तळपायाची कमान तोलून धरतो. चालताना टाच उचलली जाते आणि बोटे वर वळतात, तेव्हा हा पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल पुढे ढकलण्याइतके घट्ट बनते. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये ही क्रिया सविस्तर मांडली.

हा ताण प्रत्येक पावलागणिक पडतो. तो सोसण्याच्या क्षमतेपेक्षा वाढला की पट्टा टाचेच्या हाडाला जेथे चिकटलेला असतो, तेथे त्याचे तंतू झिजू लागतात. ‘आयटिस’ या प्रत्ययाचा अर्थ दाह असा असला, तरी जुनाट दुखण्यात दाहापेक्षा तंतूंची झीजच अधिक दिसते. म्हणूनच केवळ वेदनाशामक गोळ्या घेऊन हे दुखणे मुळापासून जात नाही. गोळीचा अंमल उतरला की कळ परत येते, कारण पट्ट्यावरचा भार तसाच राहिलेला असतो.

या आजाराची ओळख सोपी आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेच्या आतल्या बाजूस तीव्र कळ येते. थोडे चालल्यावर ती कमी होते आणि दिवसभराच्या उभे राहण्याने संध्याकाळी पुन्हा वाढते. बराच वेळ बसून उठल्यावरही पहिली काही पावले अशीच जड जातात.

क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड टोकदार झालेले दिसले की ‘हाड वाढले’ असे म्हणून रुग्ण घाबरतो. प्रत्यक्षात असे टोक असूनही टाच कधीच न दुखलेली असंख्य माणसे असतात, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांना असे टोक नसते. त्यामुळे हाडाच्या टोकालाच दुखण्याचे मूळ मानणे बरोबर नाही.

वाळू, फरशी आणि पावसाळा

पूर्वी गोव्यातील घरांची जमीन शेणाने सारवलेली असे. ती पायाला थोडी मऊ लागे. आता बहुतेक घरांत सिमेंट, लादी किंवा चकचकीत टाइल्स आल्या आहेत. वहाणा उंबऱ्याबाहेर काढण्याची रीत मात्र कायम आहे, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ती योग्यही आहे. परिणाम असा होतो की बाहेर अर्धा तास चालण्यासाठी चांगले बूट घेतले जातात आणि घरातले सात-आठ तास टाच थेट दगडासारख्या कठीण पृष्ठभागावर आदळत राहते. टाचेखाली निसर्गाने चरबीची गादी दिलेली असते. वाढत्या वयात तिची लवचिकता कमी होते आणि अनवाणी पायाला कठीण फरशी अधिक जाचू लागते.

वाळूविषयीही एक गैरसमज आहे. वाळू मऊ असल्याने तीवर अनवाणी चालणे टाचेला हितकारकच असणार, असे अनेकांना वाटते. निरोगी पायाला ते सुखावह असू शकते. परंतु कोरड्या, भुसभुशीत वाळूत टाच खाली रुतते, पोटरीचे स्नायू आणि तळव्याचा पट्टा दोन्ही अधिक ताणले जातात. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, पण ती समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने चालत राहिल्यास एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. टाच दुखत असेपर्यंत केरीच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्याने पायात आधार देणारे बूट घालून सपाट रस्त्याने चालणे अधिक चांगले.

तिसरा प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर या काळात चामड्याची पादत्राणे भिजतात, त्यांना बुरशी लागते, शिवण उसवते. म्हणून चार महिने रबराच्या किंवा प्लास्टिकच्या सपाट चपला वापरल्या जातात. पावसाळ्यापुरती म्हणून घेतलेली स्वस्त चप्पल मग पुढे वर्षभर पायात राहते. टाचदुखी असलेल्याने पावसाळ्यासाठीही आधार देणारी, पाण्यात टिकणारी वेगळी जोडी ठेवणे आवश्यक आहे.

पादत्राणाने करावयाची तीन कामे

पादत्राण आजार बरा करत नाही. झिजलेल्या पट्ट्यावरचा भार ते कमी करते आणि शरीराला दुरुस्तीसाठी अवधी मिळवून देते. त्यासाठी त्याने तीन कामे करावी लागतात.

पहिले काम टाचेवरचा आघात सोसण्याचे. टाचेखालचा थर दाबला असता थोडा दबणारा आणि लगेच पूर्ववत होणारा असावा. अंगठा सहज आत जाईल इतका मऊ तळ सुरुवातीला सुखाचा वाटतो, परंतु काही आठवड्यांत तो चेपतो आणि पाय पुन्हा जमिनीवरच येतो.

दुसरे काम कमानीला आधार देण्याचे. तळपाय सपाट असो किंवा कमान फार उंच असो, दोन्ही प्रकारांत पट्ट्यावर ताण येतो. सपाट पाऊल आत कलते, म्हणून त्याला आतल्या बाजूने घट्ट आधार लागतो. उंच कमानीचे पाऊल ताठर असते, त्याला अधिक गादी लागते. ओल्या पायाचा ठसा कोरड्या फरशीवर उमटवून पाहिल्यास आपले पाऊल कोणत्या प्रकारचे आहे याचा ढोबळ अंदाज येतो. ठशात तळव्याचा मधला भाग पूर्ण उमटला तर पाऊल सपाट आणि टाच व चवडा यांना जोडणारी रेघ अगदी बारीक उमटली किंवा तुटली तर कमान उंच समजावी.

तिसरे काम पोटरीचा ताण हलका करण्याचे. पोटरीचे स्नायू आखडलेले असतील तर टाच वर खेचली जाते आणि तळव्याचा पट्टा ताणला जातो. म्हणून टाचेची बाजू चवड्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असलेले पादत्राण अनेकांना आराम देते. याचा अर्थ उंच टाचांची पादत्राणे असा नव्हे. त्यांत सारा भार चवड्यावर जातो आणि घोटा मुरगळण्याचा धोका असतो.

दुकानात करावयाची पारख

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेली जोडी असो वा मोठ्या दुकानातली, पारखण्याची पद्धत एकच आहे.

पादत्राण संध्याकाळी घ्यावे. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी नेमके बसणारे बूट संध्याकाळी आवळतात. दोन्ही पावलांची लांबी बहुधा सारखी नसते, म्हणून मोठ्या पावलाच्या मापाने जोडी निवडावी. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांच्यात अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी.

बुटाचा टाचेमागचा भाग दोन बोटांनी दाबून पाहावा. तो सहज चेपला तर टाच स्थिर राहणार नाही. नंतर बुटाचे टोक व टाच धरून तो वाकवावा. चांगला बूट बोटांच्या मुळाशी वाकतो. जो मधोमध दुमडतो, त्यात कमानीला आधार नाही. शेवटी ओला कपडा पिळावा तसा बूट पिळून पाहावा. तो सहज पिळला जात असेल तर बाजूला ठेवावा.

चप्पल घ्यावयाची असल्यास टाचेमागे पट्टा असलेली सँडल निवडणे हिताचे आहे. मागे पट्टा नसलेली चप्पल पायात टिकवण्यासाठी बोटे नकळत आवळली जातात आणि प्रत्येक पावलाला तळव्यावर जास्तीचा ताण येतो. दोन्ही पायांत घालून दुकानातच पाच-दहा मिनिटे चालावे. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर आवळणारे पादत्राण घेऊ नये.

मापाचा प्रश्न

भारतात पादत्राणांची मापे अनेक वर्षे ब्रिटिश आणि युरोपीय पद्धतींवर चालत आली आहेत. भारतीय पावलांची स्वतंत्र मापपद्धती ठरवण्यासाठी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशाच्या विविध भागांतील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पावलांची मोजणी केली. भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी लोकांच्या तुलनेत अधिक रुंद असल्याचे त्यातून पुढे आले. प्रस्तावित पद्धतीला ‘भारत’ शब्दावरून ‘भा’ असे नाव देण्यात आले.

टाचदुखीच्या रुग्णाला या निष्कर्षाचा उपयोग आहे. बूट रुंदीला आवळतो म्हणून अनेकजण एक माप मोठा बूट घेतात. त्यामुळे लांबी जास्त होते, टाच आत सरकते आणि बुटात दिलेला कमानीचा उंचवटा आपल्या कमानीखाली न येता पुढे जातो. नाडी करकचून बांधली की पावलाचा वरचा भाग दुखतो. अशा वेळी मोठे माप न घेता रुंद घडणीचा बूट मागावा. काही उत्पादक एकाच लांबीत दोन-तीन रुंदी देतात.

नेहमीच्या वापरातील प्रकार

दोन पट्ट्यांची रबरी हवाई चप्पल स्वस्त, हलकी आणि पावसाळ्यात सोयीची आहे. मात्र तिचा तळ सपाट असतो, टाच मोकळी असते आणि चवड्याखाली तो लवकर झिजतो. न्हाणीघरापुरती ती ठीक आहे, दिवसभर वापरण्यास योग्य नाही.

कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची कारागिरी वादातीत आहे आणि निरोगी पावलाला ती वर्षानुवर्षे साथ देते. परंतु चामड्याच्या कठीण, सपाट तळात गादी किंवा कमानीचा आधार नसतो. टाच दुखत असेपर्यंत ती सणासमारंभापुरती राखून ठेवावी.

चालण्या-धावण्यासाठी बनवलेले बूट टाचदुखीत बहुतेकांना मानवतात. टाचेखालची गादी, किंचित उंच टाच आणि मागचा घट्ट भाग हे तिन्ही गुण त्यांत सहसा मिळतात. मात्र त्यांचेही आयुष्य मर्यादित असते. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर चालल्यावर आतली गादी निकामी होते, वरून बूट नवा दिसत असला तरीही. सपाट टेबलावर ठेवल्यावर मागून पाहता बूट एका अंगाला कललेला दिसला, तर तो बदलण्याची वेळ झाली आहे.

सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा तळ असलेल्या ‘एमसीआर’ चपला मूळच्या संवेदना गेलेल्या पायांसाठी, विशेषतः कुष्ठरुग्णांसाठी भारतात मोठ्या प्रमाणात वापरात आल्या. पुढे मधुमेही रुग्णांनाही त्या सुचवल्या जाऊ लागल्या. मऊपणा आणि टिकाऊपणा यांचा त्यांत चांगला मेळ असतो. मागे पट्टा आणि कमानीला उंचवटा असलेली अशी सँडल टाचदुखीतही उपयोगी पडते.

एकच जोडी परवडत असेल तर

प्रत्येकाला घर, काम आणि पावसाळा यांसाठी तीन जोड्या घेणे शक्य नसते. अशा वेळी सर्वाधिक तास जेथे जातात, तेथून सुरुवात करावी. हॉटेलात, दुकानात किंवा कारखान्यात उभे राहणाऱ्याने कामावरचे बूट आधी बदलावेत. घरात राबणाऱ्या स्त्रीने बाहेरच्या चपलेआधी घरातली चप्पल घ्यावी. ती फक्त घरातच वापरली आणि आठवड्यातून धुतली, तर उंबऱ्याची रीतही मोडत नाही. रात्री ती पलंगाशेजारीच ठेवावी, म्हणजे सकाळचे पहिले पाऊल थेट फरशीवर पडणार नाही. स्वयंपाकाच्या ओट्यापुढे जाड रबरी चटई अंथरणे हाही कमी खर्चाचा उपाय आहे.

जुने बूट धड असतील तर त्यांत बसवण्याचा तयार इनसोल घेता येतो. पायाचा साचा घेऊन खास बनवलेला इनसोल महाग पडतो. टाचदुखीत तयार इनसोलपेक्षा त्याचा सरसकट अधिक फायदा होतो, असे आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलेले नाही. म्हणून सुरुवात तयार इनसोलने करावी. पावलाची ठेवणच वेगळी असेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने खास इनसोलचा विचार करावा. नवे पादत्राण किंवा इनसोल पहिल्या दिवशी तासभर वापरून हळूहळू वेळ वाढवावा.

व्यायामाची जोड

पादत्राणाने भार कमी होतो, व्यायामाने पट्टा आणि पोटरी लवचिक व मजबूत होतात. अंथरुणातून उठण्यापूर्वी एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून हाताने बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत, दहा सेकंद धरावे आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून तीन वेळा हा व्यायाम केल्यास सकाळची कळ कमी होण्यास मदत होते. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पुढे झुकल्यास पोटरी ताणली जाते. ही स्थिती अर्धा मिनिट धरून तीन वेळा करावी. संध्याकाळी पाणी गोठवलेली बाटली तळव्याखाली दहा मिनिटे फिरवल्यास आराम पडतो. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याचा फायदा टाचेला थेट होतो.

मधुमेहींनी घ्यावयाची काळजी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, म्हणजे 26.4 टक्के आढळले. त्यामुळे येथे पायाचा प्रत्येक प्रश्न मधुमेहाच्या संदर्भात तपासावा लागतो. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. बूट चावत असल्याचे कळत नाही, जखम दिसते तेव्हा ती खोल गेलेली असते.

मधुमेहींनी दुपारच्या तापलेल्या वाळूत किंवा देवळाच्या उन्हातील फरसबंदीवर अनवाणी चालू नये. देवदर्शनाला जाताना जाड मोजे वापरावेत. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा वा किडा नाही ना, हे पाहावे. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत. बधीर पायावर बर्फाचा किंवा गरम पाण्याचा शेक घेऊ नये. इनसोल मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

टाच लाल होऊन सुजणे, ताप येणे, विश्रांतीत किंवा मध्यरात्री दुखणे, तळव्याला मुंग्या येणे वा बधिरता येणे, पडल्यानंतर किंवा ‘कट्’ असा आवाज होऊन अचानक कळ सुरू होणे ही वेगळ्या आजारांची चिन्हे असू शकतात. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल तर संधिवाताची तपासणी आवश्यक आहे. वाढत्या वयातील मुलांची टाच दुखण्याचे कारण बहुधा टाचेच्या हाडाच्या वाढीशी संबंधित असते, त्यांना मोठ्यांचे उपाय परस्पर करू नयेत.

योग्य पादत्राण आणि व्यायाम सुरू करून सहा आठवडे झाले तरी फरक पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञ वा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवावे. पेडणेकरांना म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे ही सोय उपलब्ध आहे. टाचेत दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. परंतु वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो. म्हणून पटकन कामावर रुजू होता यावे एवढ्यासाठी त्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

टाचदुखी हळूहळू येते आणि हळूहळूच जाते. पंधरा दिवसांत उतार पडला नाही म्हणून बूट टाकून पुन्हा जुन्या चपलेकडे वळणे, ही सर्वांत मोठी चूक ठरते. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ आठवड्यागणिक कमी होत आहे की नाही, हेच सुधारणेचे खरे माप मानावे. ती पूर्ण थांबल्यानंतरही दोन-तीन महिने तेच पादत्राण आणि तोच व्यायाम चालू ठेवावा. त्यानंतर केरीच्या वाळूत पुन्हा अनवाणी उतरायचे असेल, तर सुरुवात पाच-दहा मिनिटांपासून करावी.